एक टॅग, दोन प्रोसेसर: सीआयमध्ये मल्टि-आर्च इमेज दरवेळी तशीच्या तशी कशी बनवायची

डॉकरचा कंटेनर सुरू केला आणि लगेच पडला, लॉग उघडला तर आत एकच ओळ, एक्झेक फॉरमॅट एरर. लॅपटॉपवर हीच इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, दिवसभर नीट चालत होती, सर्व्हरवर मात्र उभीच राहत नाही, आणि नवीन माणूस इथे तासन्तास आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. कोड बिचारा ठीक असतो. लिनक्सच्या प्रत्येक बायनरीच्या सुरुवातीला एक हेडर असतं, ही फाइल कुठल्या प्रोसेसरसाठी बनली आहे ते त्यात लिहिलेलं असतं, कर्नल ते वाचतो आणि आपला प्रोसेसर तो नसेल तर सरळ नाही म्हणतो.

हे आता रोजचं झालंय, कारण एकाच टीममध्ये दोन जातीची मशीन असतात. २०१८ मध्ये ॲमेझॉनने ग्रॅव्हिटॉनचे आर्म सर्व्हर आणले, २०२० च्या शेवटी ॲपलचे एम१ लॅपटॉप आले, रास्पबेरी पाय तर त्याच्याही आधीपासून होता. त्यामुळे कोणी आर्मवर कोड लिहितं, सीआय, म्हणजे कोड आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा, इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर चालतं, आणि प्रॉडक्शन कधी इकडे कधी तिकडे. दोन आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या दोन जातींची इमेज (हीच मल्टि-आर्च) बनवायला एक कमांड पुरते, ते काही अवघड नाही. पण त्या दोन्ही इमेज खरंच बरोबर आहेत का, आणि त्याच कमिटवरून पुढच्या महिन्यात परत बनवल्या तर अगदी तशाच बनतील का, हे छातीठोकपणे सांगता येणं हे वेगळं काम आहे, आणि ते नंतर चिकटवता येत नाही, पहिल्या दिवसापासून करावं लागतं. म्हणून हा लेख थोडा लांब आहे.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि व्हेरिएबलची नावं मी इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने करा, व्हेरिएबल सगळी कॅपिटलमध्ये आणि दोन शब्दांच्या मध्ये लागेल तिथे अंडरस्कोर.

टॅगच्या मागे काय असतं

टॅग म्हणजे इमेजच्या नावामागे लावलेलं लेबल, पण आपल्याला वाटतं टॅग म्हणजेच इमेज. तसं नाहीये. मल्टि-आर्च इमेजचा टॅग एका छोट्या जेसन फाइलकडे बोट दाखवतो, तिला ओसीआयच्या, म्हणजे कंटेनरच्या खुल्या मानकाच्या, भाषेत इमेज इंडेक्स म्हणतात, डॉकरवाले आधीपासून मॅनिफेस्ट लिस्ट म्हणायचे. ही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी असते: लिनक्स/एएमडी६४ हवं असेल तर हा डायजेस्ट, लिनक्स/एआरएम६४ हवं असेल तर तो डायजेस्ट. तुम्ही रजिस्ट्रीतून, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवरून, पुल करता तेव्हा तुमचं मशीन अनुक्रमणिका वाचतं, आपल्या जातीची ओळ शोधतं आणि फक्त तेवढे लेयर, म्हणजे इमेजचे थर, ओढतं. म्हणजे दोन्ही इमेज खरं तर पूर्ण वेगळ्या असतात, त्यांच्यात लेयर सारखे असतीलच असं नाही, फक्त दाराला पाटी एक आहे.

डायजेस्ट म्हणजे त्या मजकुराचा शा२५६ हॅश, ६४ अक्षरांचा. मजकुरातला एक बाइट बदलला तरी डायजेस्ट पूर्ण वेगळा येतो. टॅग उद्या दुसरीकडे वळवता येतो, डायजेस्ट वळवता येत नाही, पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आत्ताच एक करून बघा, कुठलीही प्रसिद्ध ऑफिशियल इमेज घ्या आणि डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट ही कमांड तिच्या नावावर चालवा. वर इंडेक्सचा एक डायजेस्ट दिसेल आणि खाली प्रत्येक प्लॅटफॉर्मचा आपापला. काही ठिकाणी प्लॅटफॉर्मच्या जागी अननोन/अननोन असंही दिसेल, घाबरू नका, ती चालवायची इमेज नसते, इमेज कशी बनली याची नोंद असते, तिच्याबद्दल पुढे येतंय.

नावांचा गोंधळही इथेच मिटवून टाकू. एएमडी६४ आणि एक्स८६-६४ एकच, इंटेलचा प्रोसेसर असला तरी नाव एएमडी६४च. एआरएम६४ आणि एआर्च६४ पण एकच. डॉकर, गो आणि डेबियन पहिली नावं वापरतात, युनेम डॅश एम ही कमांड दुसरी नावं दाखवते, आणि डाउनलोड लिंकमध्ये कोण काय वापरेल याचा नेम नाही. निम्मे घोळ या नावांमुळेच होतात.

तयारी

बिल्डएक्स, म्हणजे इमेज बनवणारं डॉकरचं प्लगिन, लागतं, ते २०१९ मध्ये डॉकर १९.०३ सोबत आलं, आणि आता कुठल्याही ताज्या डॉकरसोबत असतंच. पण नुसतं दोन प्लॅटफॉर्म देऊन बिल्ड मारलं तर बऱ्याच मशीनवर एरर येतो की डॉकर ड्रायव्हरला हे जमत नाही, कारण जुनं इमेज स्टोअर एका नावाखाली एकच प्लॅटफॉर्म ठेवू शकतं. उपाय असा की वेगळा बिल्डर बनवायचा: डॉकर बिल्डएक्स क्रिएट, त्याला ड्रायव्हर म्हणून डॉकर-कंटेनर द्यायचा आणि यूज हा फ्लॅग लावायचा. त्याच वेळी ड्रायव्हर-ऑप्ट मधून बिल्डकिटच्या, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या इंजिनच्या, इमेजचं नेमकं व्हर्जन देऊन टाका. हे व्हर्जन बहुतेक लोक देत नाहीत, मग एक दिवस बिल्डकिट अपडेट होतं, लेयर थोडे वेगळ्या पद्धतीने कॉम्प्रेस होतात आणि कोडमध्ये काहीही न बदलता डायजेस्ट बदलतो.

या बिल्डरने बनवलेली दोन प्लॅटफॉर्मची इमेज जुन्या स्टोअरमध्ये लोड फ्लॅगने उतरवता येत नाही, थेट पुश करावी लागते. लोकल ट्रायलसाठी एकच प्लॅटफॉर्म बनवा आणि लोड करा. डॉकरमध्ये कंटेनरडीचं इमेज स्टोअर चालू केलेलं असेल तर ही अडचण राहत नाही.

दुसऱ्या जातीची बायनरी आपल्या मशीनवर चालवायची असेल तर क्यूईएमयू, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लागतं. लिनक्स कर्नलमध्ये बिनफमटी-मिस्क नावाची सोय आहे, तिथे नोंद करून ठेवायची की आर्मची बायनरी आली तर ती क्यूईएमयूकडे द्या, मग ती सूचना-सूचना भाषांतर करत चालवते आणि आतल्या प्रोग्रामला काही कळत नाही. डॉकर डेस्कटॉपमध्ये हे आधीच असतं. साध्या लिनक्सवर बिनफमटीची इमेज प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये एकदा चालवून ही नोंद करावी लागते, आणि मशीन रीस्टार्ट झालं की नोंद जाते, परत करावी लागते. सेल्फ-होस्टेड रनर, म्हणजे सीआयची कामं चालवणारं आपलंच मशीन, रीबूट झाल्यावर कालपर्यंत चालणारी पाइपलाइन आज अचानक एक्झेक फॉरमॅट एरर देते त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

तीन रस्ते, आणि कुठला घ्यायचा

पहिला रस्ता एम्युलेशन. डॉकरफाइलला, म्हणजे इमेज कशी बनवायची त्या सूचनांच्या फाइलला, हात न लावता काम होतं, म्हणून सगळे इथून सुरुवात करतात. पण हळू असतं, खूप हळू, कंपाइल करायचं असेल तर कित्येक पट वेळ लागतो, आणि जेआयटी असलेले, म्हणजे चालता चालता मशीन कोड बनवणारे, रनटाइम कधीकधी मधेच सेगफॉल्ट देऊन मरतात, तेही दरवेळी नाही. कधी होतं कधी होत नाही असं बिल्ड सीआयमध्ये सगळ्यात वाईट, कारण लोक लाल दिसलं की वाचायचं सोडून रीरन दाबायला शिकतात.

दुसरा रस्ता क्रॉस-कंपाइल. कंपायलर स्वतःच्या मशीनवर पूर्ण वेगाने चालतो आणि दुसऱ्या जातीची बायनरी काढतो. गोमध्ये हे फारच सोपं आहे, रस्टमध्ये लिंकरची जोडणी करावी लागते, सी आणि सी++ मध्ये थोडी मेहनत आहे.

तिसरा रस्ता नेटिव रनर, म्हणजे आर्मची इमेज आर्मच्याच मशीनवर बनवायची. आधी हे महाग आणि कटकटीचं होतं, आता बऱ्याच सीआय सेवा आर्म रनर देतात, गिटहबने जानेवारी २०२५ पासून पब्लिक रेपोंसाठी ते मोफत केले.

माझं मत विचाराल तर, भाषा गो किंवा तशी असेल तर क्रॉस-कंपाइल करा, पायथन, नोड, रुबी वगैरे असेल आणि नेटिव मॉड्यूल असतील तर नेटिव रनर घ्या, आणि एम्युलेशन फक्त पहिल्या दिवशी हे जमतंय का ते बघायला वापरा. टेस्ट मात्र कुठलाही रस्ता घेतला तरी खऱ्या मशीनवरच, त्याचं कारण पुढच्या गोष्टीत आहे.

डॉकरफाइल

दोन स्टेज करायच्या. पहिल्या स्टेजच्या फ्रॉम ओळीत प्लॅटफॉर्म म्हणून बिल्डप्लॅटफॉर्म हे व्हेरिएबल द्यायचं, म्हणजे ती स्टेज नेहमी बिल्ड करणाऱ्या मशीनच्या जातीचीच राहते. मग आर्ग लिहून टार्गेटओएस आणि टार्गेटआर्च मागून घ्यायचे, ते बिल्डकिट आपोआप भरतं, आणि गो बिल्डच्या आधी गोओएस आणि गोआर्च मध्ये ते टाकायचे. सीगो-एनेबल्ड शून्य करा आणि ट्रिमपाथ हा फ्लॅग लावा, त्याने बायनरीत तुमच्या फोल्डरचे पाथ शिरत नाहीत. दुसऱ्या स्टेजच्या फ्रॉममध्ये प्लॅटफॉर्म काहीही लिहायचं नाही, ती आपोआप टार्गेटची असते, तिच्यात पहिल्या स्टेजमधली बायनरी कॉपी करायची. झालं.

इथे एक खड्डा आहे आणि नवीन माणूस त्यात पडतोच. हे आर्ग स्टेजच्या आत, म्हणजे फ्रॉमच्या खाली लिहावे लागतात. वर लिहिले किंवा विसरले तर टार्गेटआर्च रिकामा येतो, गोला गोआर्च रिकामा मिळाला की तो गुपचूप आपल्याच मशीनच्या जातीची बायनरी बनवतो, बिल्ड हिरवं, पुश हिरवं, इंडेक्समध्ये एआरएम६४ ची ओळ पण व्यवस्थित, आणि आत बायनरी एएमडी६४ ची. इंडेक्समध्ये जे लिहिलंय ते कोणी तपासून लिहिलेलं नसतं, बिल्डच्या वेळी तुम्ही जे सांगितलं ते तिथे उतरतं.

पायथनमध्ये खड्डा वेगळा. एखाद्या पॅकेजचं एएमडी६४ साठी तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, असतं, एआरएम६४ साठी नसतं, मग पिप मुकाट्याने सोर्स ओढून कंपाइल करायला लागतो, ४० सेकंदांचं काम अर्ध्या तासावर जातं किंवा कंपायलर नाही म्हणून पडतं. अशा वेळी ओन्ली-बायनरी हा फ्लॅग लावून बघा, कुठल्या पॅकेजला व्हील नाही ते लगेच नावानिशी कळतं.

आता ती गोष्ट

आमच्या एका इमेजमध्ये मुख्य प्रोग्राम आमचा होता आणि सोबत एक छोटं हेल्पर टूल होतं, कॉन्फिग फाइल वाचून बदलणारं, ते डॉकरफाइलमध्ये कर्ल मारून रिलीज पेजवरून डाउनलोड व्हायचं. लिंकमध्ये एएमडी६४ असं सरळ लिहिलेलं होतं. इमेज जेव्हा एकाच जातीची होती तेव्हा लिहिलेली ओळ, मल्टि-आर्च करताना कोणाच्या लक्षात आली नाही.

बिल्डमध्ये पडण्याचं कारण नव्हतं, डाउनलोड करून ठेवायचं एवढंच काम. पण आम्ही सीआयमध्ये एआरएम६४ ची इमेज क्यूईएमयूवर चालवून टेस्टही करत होतो, आणि टेस्टमध्ये ते हेल्पर टूल खरंच चालवलं जायचं, आणि ती टेस्ट पास व्हायची. रिलीज झालं, आर्मच्या सर्व्हरवर कंटेनर दर काही सेकंदांनी पडून परत उठत होता. मी इमेज ओढली, कंटेनर न चालवता तिच्यातल्या फाइल बाहेर काढल्या आणि दोन्हींवर फाइल ही कमांड मारली. मुख्य प्रोग्राम: एआरएम एआर्च६४. हेल्पर: एक्स८६-६४, स्टॅटिकली लिंक्ड.

मग टेस्ट पास कशी झाली? हे समजायला मला वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो. टेस्टचं मशीन एएमडी६४ होतं. आर्मचा कंटेनर म्हणजे काही आर्मचं मशीन नव्हे, कर्नल तोच, एएमडी६४ चाच. त्या कर्नलला आर्मची बायनरी दिली की तो क्यूईएमयूकडे पाठवतो आणि एएमडी६४ ची दिली की स्वतःच चालवतो, कंटेनरवर पाटी काय लावली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हेल्पर स्टॅटिक असल्यामुळे त्याला कुठली लायब्ररीही लागली नाही. म्हणजे एम्युलेशन चालू असलेलं मशीन दोन्ही जातींच्या बायनरी आनंदाने चालवतं, आणि नेमकी चुकीच्या जातीची बायनरी पकडायची परीक्षा त्याच्यावर घेऊन काही उपयोग नाही.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. डॉकरफाइलमध्ये डाउनलोडची लिंक टार्गेटआर्चवरून बनवायची, समोरचे वेगळं नाव वापरत असतील तर केस लिहून एआरएम६४ चं एआर्च६४ करायचं, आणि तिसरंच काही आलं तर एरर देऊन थांबायचं. प्रत्येक आर्किटेक्चरचा चेकसम वेगळा असतो, तो पण फाइलमध्ये लिहून तपासायचा. आणि दुसरं, बिल्डनंतर अंतिम इमेजमधल्या सगळ्या एक्झिक्युटेबल फाइलचं हेडर वाचणारी एक छोटी स्क्रिप्ट, एकही फाइल वेगळ्या जातीची निघाली तर जॉब लाल. दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट आहे, तिला काही चालवून बघावं लागत नाही, फक्त वाचते, त्यामुळे कुठल्याही मशीनवर खरं उत्तर देते.

पिन करा, पण कुठला डायजेस्ट

रिप्रोड्युसिबल म्हणजे तोच सोर्स, तेच साहित्य, त्याच सूचना, तर निघणारी वस्तू बाइट-ला-बाइट तीच. यातलं साहित्य आधी बांधून घ्यायचं. बेस इमेज टॅगने घेतली तर ती आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी, म्हणून फ्रॉम ओळीत टॅगच्या पुढे ॲट लावून शा२५६ चा डायजेस्ट लिहा. टॅग ठेवलात तरी चालतो, माणसाला वाचायला बरा, बांधून ठेवतो तो डायजेस्ट.

मात्र डायजेस्ट इंडेक्सचा घ्यायचा, एका प्लॅटफॉर्मचा नाही. रजिस्ट्रीच्या पेजवर प्लॅटफॉर्मच्या यादीतून लोक एएमडी६४ च्या ओळीतला डायजेस्ट कॉपी करतात आणि तिथेच फसतं, कारण मग आर्मचं बिल्डही एएमडी६४ चीच बेस घेतं, बिल्डकिट फक्त एक वॉर्निंग देतं की बेस इमेजचा प्लॅटफॉर्म जुळत नाही आणि पुढे जातं, वॉर्निंग कोण वाचतं. इमेजटूल्स इन्स्पेक्टमध्ये सगळ्यात वर दिसतो तो घ्या. आणि पिन केलं म्हणजे विसरून जायचं नाही, सिक्युरिटी अपडेट आपोआप येणं थांबलेलं असतं, म्हणून रेनोवेट किंवा डिपेंडाबॉट हे अपडेट सुचवणारे बॉट लावून डायजेस्ट बदलण्याचे पुल रिक्वेस्ट येऊ द्या, म्हणजे बेस बदलली कधी ते कमिटमध्ये दिसतं.

भाषेच्या पॅकेजचं सोपं आहे, लॉकफाइल, म्हणजे पॅकेजची नेमकी व्हर्जन लिहिलेली फाइल, असतेच, फक्त ती पाळायला लावा: एनपीएम इन्स्टॉलच्या जागी एनपीएम सीआय, कार्गोला लॉक्ड, पिपला रिक्वायर-हॅशेस. हॅशेस लावताना लक्षात ठेवा की दोन आर्किटेक्चरची व्हील वेगळी म्हणून हॅशही वेगळे, फाइलमध्ये दोन्ही हवेत. फक्त स्वतःच्या लॅपटॉपसाठी लॉक बनवलं तर दुसऱ्या जातीचं बिल्ड पडतं.

सिस्टिमची पॅकेजं जास्त त्रास देतात. ॲप्ट अपडेट म्हणजे पॅकेज देणाऱ्या मिरर सर्व्हरवर आज जे आहे ते, उद्या वेगळं. डेबियनची स्नॅपशॉट सेवा आहे, तिथे ठरावीक तारीख-वेळेचा पूर्ण आर्काइव्ह मिळतो, आणि डेबियनच्या ऑफिशियल इमेजमध्ये ॲप्टच्या सोर्स फाइलमध्ये त्या दिवसाची स्नॅपशॉट लिंक कॉमेंटमध्ये लिहिलेलीच असते, ती उघडी करून वापरा. जुन्या स्नॅपशॉटची मुदत संपलेली असते म्हणून ॲप्टचं व्हॅलिड-अंटिल तपासणं बंद करावं लागतं. ही सेवा जरा हळू आहे, म्हणून लागणारी सिस्टिम पॅकेजं एका वेगळ्या बेस इमेजमध्ये एकदाच बनवून ठेवणं बरं पडतं.

वेळेचे ठसे

साहित्य बांधलं तरी दोनदा बिल्ड केल्यावर डायजेस्ट वेगळेच येणार, कारण इमेजमध्ये जागोजागी घड्याळ शिरलेलं असतं: इमेज कधी बनली, हिस्टरीतली प्रत्येक पायरी कधी झाली, प्रत्येक फाइल कधी लिहिली. यासाठी सोर्स-डेट-इपॉक नावाचं व्हेरिएबल आहे, त्यात शेवटच्या कमिटची वेळ सेकंदांमध्ये टाकायची, गिट लॉगला उणे एक आणि प्रिटी फॉरमॅटमध्ये टक्के सीटी दिलं की ती मिळते. बिल्डएक्स हे एन्व्हायर्नमेंटमधून उचलतं आणि इमेजच्या वेळा त्यावर येतात. लेयरमधल्या फाइलच्या वेळा मात्र त्याने बदलत नाहीत, त्यासाठी आउटपुटमध्ये रिराइट-टाइमस्टँप ट्रू असं द्यावं लागतं, ते बिल्डकिट ०.१३ पासून आहे.

एवढं करूनही माझे डायजेस्ट जुळत नव्हते. शेवटी दोन्ही इमेज डिफओसीआय या टूलमध्ये टाकल्या, ते लेयर उघडून फाइल-फाइल तुलना करतं. फरक सगळा एकाच लेयरमध्ये निघाला, ॲप्टने पॅकेज टाकलेल्या, आणि त्यातही तीन-चार फाइल: व्हार लॉगमधला डीपीकेजीचा लॉग, ॲप्टची हिस्टरी, आणि एलडीकॉन्फिगचा ऑक्स-कॅशे. लॉगमध्ये तारखा असतात, ऑक्स-कॅशेमध्ये फाइलसिस्टिमची माहिती असते, दोन्ही दरवेळी वेगळे. त्याच रन ओळीच्या शेवटी या फाइल पुसल्या, म्हणजे वेगळ्या ओळीत नाही, वेगळ्या ओळीत पुसल्या तर आधीच्या लेयरमध्ये त्या राहतातच, आणि पुढच्या बिल्डला ६४ च्या ६४ अक्षरं जुळली. पायथनवाल्यांनी पीवायसी फाइलकडे पण बघावं, त्यात सोर्स फाइलची वेळ कोरलेली असते.

राहिली ती अननोन/अननोन वाली नोंद. २०२३ पासून बिल्डएक्स प्रत्येक पुशसोबत प्रोव्हेनन्स जोडतं, बिल्ड कधी सुरू झालं कधी संपलं ते त्यात असतं, म्हणजे दोन्ही इमेज तंतोतंत सारख्या असल्या तरी इंडेक्सचा डायजेस्ट दरवेळी बदलणार. काही लोक चिडून प्रोव्हेनन्स बंद करतात. मी ठेवतो, ती कामाची माहिती आहे, फक्त तुलना करताना इंडेक्सचा डायजेस्ट सोडून प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या मॅनिफेस्टचा डायजेस्ट बघतो.

सीआयची पाइपलाइन

नेटिव रनर घेऊन असं मांडायचं. पहिला जॉब मॅट्रिक्समध्ये दोनदा चालतो, एकदा एएमडी६४ च्या रनरवर, एकदा एआरएम६४ च्या. प्रत्येक जॉब चेकआउट करतो, पिन केलेल्या बिल्डकिटचा बिल्डर उभा करतो, फक्त आपल्याच प्लॅटफॉर्मची इमेज बनवतो, हेडर वाचणारी स्क्रिप्ट चालवतो, इमेज चालवून टेस्ट करतो, आणि मग टॅग न देता पुश करतो. टॅगशिवाय पुश करायला आउटपुटमध्ये पुश-बाय-डायजेस्ट आणि नेम-कॅनॉनिकल हे दोन्ही ट्रू द्यायचे. रजिस्ट्रीत इमेज जाते पण तिला नाव नसतं, फक्त डायजेस्ट, तो फाइलमध्ये लिहून आर्टिफॅक्ट म्हणून पुढे द्यायचा.

दुसरा जॉब दोन्ही झाल्यावरच सुरू होतो, दोन डायजेस्ट गोळा करतो आणि डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स क्रिएट ने त्यांची एक अनुक्रमणिका बनवून तिला टॅग लावतो. या जॉबमध्ये काहीही बिल्ड होत नाही, काही सेकंदांचं काम. मला ही रचना आवडते कारण एक आर्किटेक्चर पडलं तर टॅग हलतच नाही, लोकांना जुनी पूर्ण इमेज मिळत राहते, अर्धवट नवीन कोणाच्या हाती जात नाही.

आधी मी दोन वेगळे टॅग पुश करून मग जोडायचो, एकाच्या नावाच्या शेवटी एएमडी६४ आणि दुसऱ्याच्या शेवटी एआरएम६४ लावून, पण दोन पाइपलाइन एकाच वेळी चालल्या की एकीचा एएमडी६४ आणि दुसरीचा एआरएम६४ जोडला जाऊ शकतो, दोन वेगळ्या कमिटचे. डायजेस्ट हातात धरून जोडलं तर असं होऊच शकत नाही.

कॅशेबद्दल थोडकं: रजिस्ट्रीत कॅशे ठेवा, मोड मॅक्स द्या म्हणजे मधल्या स्टेजही साठवल्या जातात, आणि दोन्ही आर्किटेक्चरच्या कॅशेला वेगळं नाव द्या. एकच नाव दिलं तर शेवटी संपणारा जॉब आधीच्याचा कॅशे पुसतो आणि एक आर्किटेक्चर कायम शून्यापासून बिल्ड होत राहतं, कोणाला कारण कळत नाही.

टेस्ट दोन्हीकडे चालवायची म्हणजे पूर्ण चालवायची, नुसती व्हर्जन छापून बघायची नाही. लिनक्सवर सी मधला कॅर हा टाइप एक्स८६ वर साइन्ड असतो आणि आर्मवर अनसाइन्ड, उणे एकशी तुलना करणारा कोड एकीकडे चालतो आणि दुसरीकडे कधीच खरा होत नाही. गोचा कंपायलर एआरएम६४ वर गुणाकार-बेरीज एकत्र करतो, एएमडी६४ वर तसं आपोआप करत नाही, त्यामुळे दशांशातला शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो आणि अगदी बरोबरीची तुलना करणारी टेस्ट फुटते. मेमरीचा क्रम आर्मवर सैल असतो, लॉक न लावता लिहिलेला थ्रेडचा कोड एक्स८६ वर वर्षानुवर्षं चालून आर्मवर पडू शकतो. हे बग तुमच्या कोडमध्ये आधीपासून असतात, दुसरा प्रोसेसर फक्त ते दाखवतो, म्हणून टेस्ट फुटली तर आर्मला दोष देऊन स्किप करू नका.

परत बनवून बघणं

शेवटची पायरी बहुतेक लोक लावत नाहीत, मी लावा म्हणेन. रोज रात्री एक जॉब चालवा, तो शेवटच्या रिलीजचं कमिट घेतो, कॅशे पूर्ण बंद ठेवून दोन्ही आर्किटेक्चर परत बनवतो आणि मॅनिफेस्टचे डायजेस्ट रिलीजच्या डायजेस्टशी ताडून बघतो. कॅशे बंद ठेवणं महत्त्वाचं आहे, कॅशे चालू असेल तर जुनेच लेयर उचलले जातात आणि डायजेस्ट जुळणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही.

पहिले काही दिवस हा जॉब लालच राहील. प्रत्येक वेळी डिफओसीआयने एक फाइल शोधायची, ती का बदलली ते बघायचं, दुरुस्त करायची, पुढची. एकदम सगळं जुळवायला जाऊ नका, आधी एएमडी६४ जुळवा, मग एआरएम६४, कारण बरेचदा पहिल्यात केलेल्या दुरुस्त्या दुसऱ्यात फुकट मिळतात आणि उरतो तो फरक खरोखर त्या आर्किटेक्चरचा असतो. जॉब हिरवा झाल्यावर ज्या दिवशी तो परत लाल होईल त्या दिवशी डॉकरफाइलपासून सुरुवात करू नका, आधी बिल्डकिटचं व्हर्जन आणि बेस इमेजचा डायजेस्ट रिलीजच्या वेळचेच आहेत का ते बघा, ते तसेच असतील तर मग लेयर उघडा.